पोर्ट्रेटमधल्या सावल्या राखाडी पडल्या, त्यावर हे केलं

मामांच्या तैलरंगातल्या पोर्ट्रेटमध्ये गाल-कपाळ छान उजळलं होतं. पण थर वाळला आणि केस, हनुवटीखालची सावली, काळा कोट सगळं फिकट, खडूसारखं दिसायला लागलं. कानामागची सावली केसांत कुठे मिसळते तेच कळेना. अशा जागेवर नवा रंग जुळवायचा तरी कशाशी?

रंग बिघडलेला नसतो. वरच्या थरातलं तेल खालच्या थरात मुरतं आणि पृष्ठभाग कोरडा, निस्तेज होतो. अंबर (umber, तपकिरी) सारख्या मातीच्या रंगांत हे फार दिसतं. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन जास्त झालं किंवा कॅनव्हासवरचा जेसो (रंगाआधी लावायचा पांढरा थर) शोषणारा असला की आणखीच.

थर हाताला पूर्ण कोरडा लागेपर्यंत थांबलो. मग चित्रकलेसाठी मिळणाऱ्या शुद्ध जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब धागे न सुटणाऱ्या सुती कापडावर घेऊन निस्तेज भागावर अगदी पातळ चोळले. काही मिनिटांनी स्वच्छ कापडानं जवळजवळ सगळं पुसून काढलं. हे पुसणं महत्त्वाचं, कारण उरलेलं तेल पुढे पिवळं पडतं. भुवईखालचा तपकिरी लगेच खोल झाला, कोटाच्या कॉलरची कड परत दिसली. त्याच बैठकीत त्यावर रंगवलं आणि छटा बरोबर जुळल्या.

यावर उपाय म्हणून घाईनं वॉर्निश मारू नका. नेहमीचं वॉर्निश साधारण 6 ते 12 महिन्यांनीच.

आणि ते तेलकट कापड चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवून ठेवा.