कसारा घाट आणि ६८ मिनिटं

नाशिकहून बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा बी.फार्म. करून रेडिओफार्मसीकडे, म्हणजे किरणोत्सारी औषधं बनवण्याकडे वळताय, तर आधी हे गणित सोडवा. किरणोत्सारी गॅलियम-६८चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६८ मिनिटं. मुंबईत भरलेली कुपी कसारा घाट चढून चार तासांनी इथं पोचली, तर नऊ टक्के उरते. ल्युटेशियम-१७७चं अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडं जास्त. तेवढ्या प्रवासात त्याचे दोन टक्केही जात नाहीत. म्हणून ल्युटेशियम बाहेरून मागवता येतं, गॅलियमसाठी मात्र जर्मेनियम-६८चा जनरेटर रुग्णालयातच लागतो; त्यातल्या जर्मेनियमपासून गॅलियम सतत तयार होत राहतं.

पेप्टाइड दोन्हीकडे तेच चालतं, डोटाटेट. आठ अमिनो आम्लांची साखळी आणि टोकाला धातू धरून ठेवणारा डोटाचा पिंजरा. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींवरच्या सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या रिसेप्टरला ती चिकटते. गॅलियम बसवलं की पेट स्कॅन, ल्युटेशियम बसवलं की उपचार.

गॅलियमची कृती वाचायला सोपी आहे. जनरेटरमधून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने गॅलियम काढायचं, अ‍ॅसिटेट बफर घालायचं, २५ ते ५० मायक्रोग्रॅम पेप्टाइड, ९५ अंशांवर दहा मिनिटं. मग शुद्धीकरणाची सी-१८ कार्ट्रिज, इथेनॉल, सलाइन, ०.२२ मायक्रॉनचं फिल्टर.

फसतं ते पीएचवर. तो ३.५ ते ४.५ हवा. पाचच्या वर गेला की गॅलियमचं कोलॉइड (न विरघळणारे सूक्ष्म कण) होतं आणि शरीरात ते यकृतात जाऊन बसतं. दुसरा शत्रू परका धातू. स्टीलची सुई नको, धातूंचे अंश असलेलं साधं आम्लही नको. लोखंड आणि जस्त तेच पिंजरे अडवतात. जस्त तर जनरेटरमध्येच तयार होतं, कारण गॅलियम-६८चं शेवटी जस्तच होतं. रविवारभर पडून राहिलेल्या जनरेटरवर सोमवारी सकाळी थेट लेबलिंग (पेप्टाइडवर गॅलियम बसवणं) करू नका. एकदा इल्यूशन करून, म्हणजे आम्लाने धुऊन, निघालेलं द्रावण टाकून द्या, चार तास थांबा. तेवढ्यात ९१ टक्के गॅलियम परत भरतं. घाटात गेलेले ९१ टक्के आणि हे ९१ टक्के, गणित एकच.

तयार औषधाच्या शुद्धतेच्या तपासणीत नवखे हमखास चुकतात. सायट्रेटमध्ये क्रोमॅटोग्राफीची एकच पट्टी चालवली तर मोकळं गॅलियम वर जातं, पण कोलॉइड आणि पेप्टाइड दोन्ही तळाशीच राहतात. शुद्धतेचा आकडा ९९ टक्के दिसतो आणि कोलॉइड लपतं. अमोनियम अ‍ॅसिटेट-मिथेनॉलची दुसरी पट्टी चालवाच. तिच्यात पेप्टाइड वर चढतं, कोलॉइड खाली उघडं पडतं.

शिकायला मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचे अभ्यासक्रम पाहा. अर्जाआधी अर्धायुष्याची गणितं हातासरशी सुटायला हवीत.