छोट्या प्रकाशकाने पुस्तकाची बातमी कशी द्यायची आणि लेखकाला लोकांसमोर कसं आणायचं

छोट्या प्रकाशनाकडे जाहिरातीला पैसे नसतात हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्यावर रडत बसण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे दोन गोष्टी असतात, आपली पुस्तकं आधी विकत घेतलेल्या माणसांची यादी आणि लेखक, जो फोन उचलतो आणि बहुतेक वेळा मदतीला तयार असतो. मोठ्या प्रकाशकांना या दोन्ही गोष्टी नीट वापरायला वेळ नसतो. आपल्याला आहे. तर सगळा जोर तिथेच लावायचा आणि बाकीचं जमलं तर जमलं.

आधी यादीचं बघू, कारण बहुतेक लोक तिथेच आळस करतात. सोशल मीडियावर दहा हजार फॉलोअर असले तरी त्यातल्या किती जणांना तुमची पोस्ट दिसणार हे तुमच्या हातात नाही, ईमेलची यादी मात्र तुमची स्वतःची असते. ही आयडिया काही आजची नाही. १९१७ मध्ये लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखक नवराबायकोने घरात हाताने चालवायचं छपाईयंत्र ठेवून हॉगर्थ प्रेस हे प्रकाशन सुरू केलं तेव्हा त्यांनी ओळखीच्या लोकांना पत्रक पाठवून आधीच मागण्या घेतल्या होत्या, आणि पुढे वर्गणीदारांचे दोन गट केले, एक आगाऊ पैसे ठेवून प्रत्येक पुस्तक घेणारे आणि दुसरे ज्यांना नवीन काय येतंय ते फक्त कळवायचं. शंभर वर्षांनंतरही यापेक्षा चांगली विभागणी मला सुचत नाही. अँड अदर स्टोरीज हे छोटं ब्रिटिश प्रकाशन अजूनही वर्गणीदारांवर चालतं आणि त्यांची नावं पुस्तकात मागे छापतं, आणि २०२५ चा इंटरनॅशनल बुकर पुरस्कार त्यांच्याच पुस्तकाला, बानू मुश्ताक यांच्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला मिळाला. वर्गणीदारांमुळे बुकर मिळाला असं नाही म्हणत मी, पण पुस्तक यायच्या आधीच त्याची वाट बघणारी माणसं असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते लक्षात घ्या.

यादीत नाव घालताना माणसाला विचारूनच घाला. कुठल्यातरी कार्यक्रमात गोळा केलेली व्हिजिटिंग कार्डं उचलून सरळ सगळ्यांना मेल टाकला की लोक स्पॅमचं बटण दाबतात आणि मग ज्यांना खरंच हवंय त्यांच्याकडेही तुमचा मेल पोचत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत, रोज ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय द्यावी लागते आणि डोमेनची (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव) एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही सेटिंग, ज्यांवरून मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे तपासतात, नीट करावी लागतात. आपण एवढे मेल पाठवत नाही, तरी ही सेटिंग एकदा कोणाकडून तरी करून घ्याच, अर्ध्या दिवसाचं काम आहे. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर एका लिस्टमध्ये २५६ च जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणजे आधी नंबर सेव्ह करायला सांगा, मग बातमी. आणि ग्रुप काढू नका प्लीज, तिसऱ्या दिवशी तिथे गुड मॉर्निंगची फुलं यायला लागतात.

आता बातमी लिहायची कशी. समजा दीपगृहावर नोकरी केलेल्या माणसाच्या आठवणींचं पुस्तक येतंय. नेहमीची बातमी अशी असते: "आमच्या प्रकाशनातर्फे एक आगळंवेगळं पुस्तक वाचकांच्या भेटीला आणताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे." यात पुस्तक कुठेय? आनंद तुमचा, आगळंवेगळं हे तुमचं मत, आणि वाचकाला हातात काहीच नाही. हेच असं लिहून बघा: "रात्रभर दिवा सांभाळणारा माणूस दिवसा झोपतो कसा, आणि सलग चार दिवस धुकं राहून भोंगा वाजत राहिला की त्याच्या कानांचं काय होतं? दीपगृहावर उभी नोकरी काढलेल्या माणसाने लिहिलेल्या आठवणी पुढच्या महिन्यात येतायत, पहिलं प्रकरण इथे वाचा." आता वाचायला काहीतरी आहे आणि करायलाही काहीतरी आहे. माझा सरळ नियम आहे, बातमी वाचून माणसाला लगेच काही करता येत नसेल, म्हणजे वाचता, ऐकता, मागवता किंवा कार्यक्रमाला येता येत नसेल, तर ती बातमी थांबवायची. "लवकरच येत आहे" ही बातमी नाही. "मुखपृष्ठ फायनल झालं" ही एकट्या चित्रकारासाठी बातमी आहे, पण त्याच दिवशी आगाऊ नोंदणी सुरू करत असाल तर सगळ्यांसाठी.

एका मेलमध्ये एकच मुख्य बातमी ठेवा, बाकी दोन-तीन ओळींत खाली. तीन लेखकांची तीन पुस्तकं एकाच मेलमध्ये सारख्या आकारात टाकली तर भांडण होत नाही हे खरं, पण वाचलंही काही जात नाही.

विक्रेते आणि परीक्षण लिहिणारे यांच्यासाठी बातमी वेगळी लिहायची, तीच कॉपी करून पाठवायची नाही. विक्रेत्याला धुक्याशी घेणंदेणं नाही, त्याला पुस्तकाचं नाव, लेखक, १३ आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), पानं, बांधणी, किंमत, तारीख, कोणाकडून मागवायचं, न खपलेल्या प्रती परत घेणार का, आणि दुकानात कुठल्या शेल्फावर ठेवायचं एवढं एका पानावर हवं असतं. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ईबुक यांचे आयएसबीएन वेगवेगळे असतात, ते बातमीत उलटेसुलटे टाकले की मागणी भलत्याच आवृत्तीची येते आणि मग फोनाफोनी. परीक्षणासाठी प्रत पाठवताना लवकर पाठवा, मासिकांचे अंक दोन-तीन महिने आधी ठरलेले असतात, पुस्तक बाजारात आल्यावर पाठवलं तर संपादकाच्या दृष्टीने ते जुनं झालेलं असतं. आणि पन्नास जणांना एकच मेल पाठवण्यापेक्षा सहा जणांना प्रत्येकाचं आधीचं लिखाण वाचून मेल करा. योग्य जागी आलेलं एक परीक्षण काय करतं त्याचं जुनं उदाहरण हॉगर्थचंच आहे, १९१९ मध्ये व्हर्जिनिया वुल्फच्या एका छोट्या पुस्तकावर टाइम्स लिटररी सप्लिमेंटमध्ये चांगलं छापून आलं आणि दोघं बाहेरगावाहून घरी परतले तर टेबलावर मागणीच्या पत्रांचा ढीग. पहिल्या छपाईच्या प्रती दीडशेच्या आसपास होत्या, त्या कुठल्या पुरायला.

आता लेखक. इथे जरा सविस्तर बोलतो कारण सगळ्यात जास्त रुसवेफुगवे इथेच होतात.

करार झाला की लगेच लेखकाला एक प्रश्नावली द्या, पुस्तक यायच्या वेळी नाही. तीन आकारांतला परिचय (एक ओळ, पन्नास शब्द, दीडशे शब्द), छपाईला चालेल असा ३०० डीपीआयचा फोटो आणि तो कोणी काढला त्याचं नाव आणि परवानगी, कुठल्या संस्था, जुने सहकारी, कॉलेजचे ग्रुप यांच्याशी संबंध आहे, पुस्तकातल्या विषयावर कोण कोण बोलायला बोलावेल, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे काय करायला अजिबात आवडणार नाही. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. एखादा लेखक स्टेजवर घामाघूम होतो पण लेखी प्रश्नांना अप्रतिम उत्तरं देतो, एखादीला लिहून मागितलं तर महिना लावते पण माइक दिला की तासभर लोक हलत नाहीत. ज्याला कॅमेऱ्याची भीती आहे त्याच्याकडून रील करून घेतलं की ते बघणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं, त्यापेक्षा त्याच्या आवाजात दोन पानांचं वाचन रेकॉर्ड करा, फोनवर केलं तरी चालतं, फक्त पंखा बंद करून आणि गाद्या-उशा असलेल्या खोलीत, आवाज घुमत नाही.

मग कोण काय करणार ते एका कागदावर लिहून काढा. प्रकाशक किती प्रती परीक्षणाला पाठवणार, कार्यक्रमाचा खर्च कोणाचा, लेखकाला किती प्रती फुकट, जास्तीच्या प्रती किती सवलतीत, लेखक स्वतःच्या पेजवर काय टाकणार आणि कधी. तोंडी ठरलेलं दोघांनाही आपापल्या सोयीचं आठवतं. आणि हे पण स्पष्ट सांगा की पुस्तकाला किती महिने आपण मुख्य वेळ देणार, नाहीतर दीड वर्षांनी फोन येतो की माझ्या पुस्तकाचं काहीच करत नाही तुम्ही.

लेखक एकमेकांच्या पोस्ट मोजतात, हे गृहीतच धरा. म्हणून वर्षाचं एक साधं कॅलेंडर ठेवा, कुठल्या आठवड्यात कोणाची बातमी, आणि ते सगळ्या लेखकांना दाखवा. त्याने अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात. शिवाय त्यातून जुन्या पुस्तकांना जागा मिळते. नव्या पुस्तकाची बातमी सगळेच देतात, पण तीन वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला विषय अचानक चर्चेत आला तर त्याच दिवशी त्यातलं एक पान टाकायचं, ही छोट्या प्रकाशकाला जमणारी गोष्ट आहे, परवानग्यांच्या चार पायऱ्या नसतात ना आपल्याकडे.

सवलतीबद्दल. ईबुकची किंमत थोडे दिवस कमी करायची असेल तर लेखकाच्या पुढच्या पुस्तकाच्या जरा आधी, मालिका असेल तर पहिल्या भागाची करा. अॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या ईबुक योजनेत ९० दिवसांच्या मुदतीत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, पण त्या मुदतीत ते ईबुक दुसरीकडे कुठेच विकता येत नाही, स्वतःच्या साइटवरसुद्धा नाही. लेखक कौतुकाने पीडीएफ स्वतःच्या पेजवर ठेवतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. सवलत कधी संपणार ती तारीख आणि वेळ बातमीत टाका आणि दोनदा मुदत वाढवू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी घाई करत नाही. छापील पुस्तकावर स्वतःच्या साइटवर मोठी सवलत देणार असाल तर आधी विक्रेत्यांना सांगा, त्यांना ते गिऱ्हाइकाकडून कळलं तर तुमची पुस्तकं शेल्फाच्या खालच्या फळीत गेलीच म्हणून समजा.

अभिप्रायांच्या बाबतीत सरळ वागा. अॅमेझॉनच्या नियमात लेखकाच्या घरच्यांनी, जवळच्या मित्रांनी किंवा पैसे घेऊन लिहिलेले अभिप्राय चालत नाहीत, काढून टाकतात. फुकट प्रत देऊन मत विचारलेलं चालतं, पण चांगलंच लिहा ही अट घालायची नाही. अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या अभिप्रायांवर वेगळा सरकारी नियमच आलाय, दंड होतो. परीक्षणातलं वाक्य जाहिरातीत वापरताना मधले शब्द गाळून अर्थ फिरवू नका. "कल्पना उत्तम, पण लिखाण ढिसाळ" मधलं फक्त "उत्तम" उचलणारे महाभाग आहेत, आणि परीक्षण लिहिणारा ते बघतोच. तसंच "पहिली आवृत्ती हातोहात संपली" हे लिहिताना आवृत्ती किती प्रतींची होती तेही लिहायची तयारी ठेवा.

पुरस्कारांचं थोडक्यात. बुकरसारख्या ठिकाणी लेखकाला स्वतः पुस्तक पाठवता येत नाही, प्रकाशकच पाठवतो, तेव्हा तारखा लक्षात ठेवणं ही आपली जबाबदारी. वनवर्ल्ड नावाच्या छोट्या प्रकाशनाला २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ दोनदा बुकर मिळालाय, म्हणजे हे फक्त मोठ्यांचं काम नाही. दीर्घ यादी (लाँगलिस्ट), लघु यादी (शॉर्टलिस्ट) आणि निकाल या तीन वेगळ्या बातम्या आहेत, तिन्हीचा मजकूर आधीच लिहून ठेवा, पण आयोजकांनी सांगितलेल्या वेळेआधी एक शब्द बाहेर जाऊ देऊ नका, लेखकाच्या मावशीलाही नाही. आणि यादीत नाव आल्या आल्या छापखान्याला फोन करा, कारण बातमी गाजली आणि पुस्तक आउट ऑफ स्टॉक असलं तर त्यासारखा मनस्ताप नाही.

शेवटी हे सगळं चालतंय का ते कसं कळणार. मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर विसंबू नका, सप्टेंबर २०२१ पासून अॅपलचं मेल अॅप चित्रं आधीच लोड करून ठेवतं त्यामुळे न उघडलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. क्लिक बघा, उलट आलेली उत्तरं बघा, प्रत्येक ठिकाणी वेगळी लिंक द्या म्हणजे मागणी मेलवरून आली की लेखकाच्या पोस्टवरून ते कळेल. दुकानात पाठवलेल्या प्रती म्हणजे विकलेल्या प्रती नाहीत, परत येणाऱ्या गठ्ठ्यांचा हिशोब झाल्याशिवाय लेखकाला आकडा सांगू नका. आणि दर तीन महिन्यांनी त्याला खरा आकडा कळवा, कमी असला तरी, त्याने विचारायची वाट न बघता.