सोलापूर सोडायचं की नाही, हे नीट कसं ठरवायचं

पुण्याची ऑफर हातात आली की घरात पहिला प्रश्न निघतो, पुणं चांगलं की सोलापूर? हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याला उत्तर नाहीये. अख्ख्या पुण्यात कोणी राहत नाही. तुम्ही राहणार मांजरीच्या नाहीतर वाकडच्या एका सोसायटीत, जाणार एका ठराविक ऑफिसला, आणि मागे सोडणार जुळे सोलापुरातलं किंवा भवानी पेठेतलं एक घर, ओळखीची गल्ली, गाडीवर दहा मिनिटांवरचं सासर. तुलना ह्या दोघांची करायची.

मी सोलापूर सोडून पुण्यात राहिलोय, हैदराबादला राहिलोय, परत आलोय, आणि त्यानंतर भाचे-पुतणे, गल्लीतली पोरं, ओळखीपाळखीचे लोक असा कोणी ना कोणी हा विषय घेऊन येतोच, मग वही काढून बसतो आम्ही. "एकदा बाहेर पड, सगळं आपोआप सेट होतं" हा सल्ला मला आता ऐकवत नाही. आपोआप काही होत नाही. सेट करणारी घरातली एक-दोन माणसं असतात आणि त्यांची दोन-तीन वर्षं त्यात जातात, ती कोणी धरतच नाही.

पायरी १. कारण एका ओळीत लिहा

"लाईफ सुधारायचंय" असं लिहू नका. "बायकोला तिच्या लाईनचं काम सोलापुरात मिळत नाही" असं लिहा. ओळ लिहिता येत नसेल तर अजून ठरवायची वेळ आलेली नाही.

पायरी २. पुढची नोकरी बघा, आत्ताची नव्हे

ऑफर देणारी कंपनी उद्या बंद पडली तर त्याच शहरात, घर न बदलता, तुमच्या कामाची दुसरी जागा मिळेल का? नोकरीच्या साईटवर महिनाभर रोज बघा आणि लिहून ठेवा. माझ्या मते शहर बदलण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे, पगार त्याच्या खाली येतो. आयटी, ऑटोमोबाईल, डिझाईन अशा कामांना पुण्यात दुसरी, तिसरी नोकरी असते, सोलापुरात एक गेली की बहुतेकदा गावच सोडावं लागतं. उलट टॉवेल-चादरीच्या धंद्यातला माणूस, शिवाय दुकानदार, गावात पेशंट बसलेला डॉक्टर, प्रॅक्टिस जमलेला वकील, ह्यांची ओळख हीच कमाई असते, ती ट्रकमध्ये घालून नेता येत नाही.

पायरी ३. हिशेबाची वही

आता खरं काम. मला स्वतःला हीच पायरी सगळ्यात जड गेली आणि आजही लोक इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंटरनेटवर दोन शहरांचा खर्च ताडून देणारे कॅल्क्युलेटर असतात, ते वापरू नका. त्यात भाडं असतं, दुधाचा भाव असतो, सिनेमाचं तिकीटसुद्धा असतं. पण तुमची पोरगी बालवाडीतून आली की आजीकडे थांबते, ज्वारी मंगळवेढ्याकडून मामाच्या शेतातली येते, तूरडाळ आणि शेंगा गावाकडून येतात, रात्री अकराला वडिलांना दवाखान्यात न्यायचं झालं तर शेजारचे आण्णा चार चाकी काढतात, हे त्यात कुठेच नसतं. सोलापुरातल्या ज्या गोष्टींवर तुमचं घर चालतं त्यातल्या निम्म्या गोष्टींची पावतीच फाटत नाही. पावती नाही म्हणून हिशेबात नाही, आणि हिशेबात नाही म्हणून पुण्याचं पॅकेज डोळ्यात भरतं.

म्हणून एक साधी वही घ्या आणि सोलापुरातच एक महिना लिहा. पैसे न देता कोणी काही केलं की त्याच दिवशी नोंद, कोणी केलं, काय केलं, किती वेळ गेला. गॅस सिलिंडर कोणी उतरवून घेतला, पोराला शाळेतून कोणी आणलं, कोणाची गाडी नेली, सणाच्या दिवशी कोणाकडून ताट आलं. महिनाअखेरीस आठवून लिहू म्हणाल तर जमणार नाही, निम्मं विसरलेलं असतं.

महिना झाला की एकेका नोंदीपुढे नव्या शहरातला भाव टाका, अंदाजे नको, फोन करून. पाळणाघराला फोन करा, स्कूल व्हॅनवाल्याला करा, पोळ्यांच्या मावशींचा रेट विचारा. ज्याला भाव नाही त्याच्यापुढे तास लिहा. आणि ज्याला भावही नाही, तासही नाही, म्हणजे आजी आणि नात संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिरात जातात तसलं काही, त्याला उगाच आकडा लावू नका, नोंद तशीच राहू द्या, चौथ्या पायरीला ती लागते.

एक उदाहरण मांडतो, आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा सोलापुरात हातात ३२,००० येतात, घर स्वतःचं, आईवडील सोबत, पोरगी चार वर्षांची. खर्च २०,०००, उरतात १२,०००. पुण्यातून हातात ५५,००० ची ऑफर आली आणि नवरा-बायको पोरीला घेऊन जाणार, आईवडील इथेच. भाडं २०,०००, मेंटेनन्स २,०००, येण्याजाण्याचा वाढीव खर्च ३,०००, पाळणाघर ६,०००, महिन्यातून एकदा सोलापूर ३,५००, आणि आता चुली दोन झाल्या म्हणून इथल्या घराला ५,०००. ही नुसती वाढ झाली ३९,५०० ची. जुने २०,००० मिळवले की ५९,५००. म्हणजे पगार २३,००० नी वाढला आणि तरी दर महिन्याला ४,५०० कमी पडतात, आणि ह्यात डिपॉझिट, ब्रोकर, सामानाचा ट्रक अजून धरलेलाच नाही.

आता ह्याच हिशेबात बायकोला पुण्यात २५,००० ची नोकरी लागली असं धरा. ८०,००० आले, ५९,५०० गेले, २०,५०० उरले, सोलापूरपेक्षा जास्त. म्हणून माझं ठाम मत आहे की घर-संसार असलेल्या माणसाचं पुण्याचं गणित एका साध्या पगारावर बसत नाही, दोन पगारांवर बसतं. दुसरी नोकरी "तिथे गेल्यावर बघू" असेल तर ती हिशेबात धरायची नाही. आधी तिचे इंटरव्ह्यू होऊ द्या, मग ट्रक. एकटा पोरगा असेल, लग्न व्हायचंय, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणार, तर एवढं काही करू नका, बॅग भरा आणि जा, एका पगारात आरामात भागतं आणि शिकायला मिळतं.

वहीत दुसरा रकानाही पाहिजे, सोलापूर तुमच्याकडून काय काय काढून घेतं त्याचा. सोलापूरवर जीव असलेले लोक इथे हात आखडता घेतात, मी घेऊ देत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, उजनी धरण काठोकाठ भरलेलं असतानासुद्धा. पाण्याच्या दिवशी घरात कोणीतरी थांबावं लागतं, मोटर लावा, टाकी भरा, भांडी भरा, आणि हे थांबणं बहुतेक घरात बाईच्याच वाट्याला येतं, तिला पूर्णवेळ नोकरी का जमत नाही ह्याचं अर्धं कारण तिथे आहे. ते तास लिहा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो, कूलर-एसीचं बिल लिहा. घरात कोणाला असा आजार असेल की तपासणीला दर वेळी पुणंच गाठावं लागतं, तर ते जाणंयेणं लिहा.

पण पुण्याच्या रकान्यातही पाणी आहे, हे विसरू नका. शहराच्या कडेच्या बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. ब्रोकरला विचारून उपयोग नाही, वॉचमनला विचारा, मार्च ते मे दिवसाला किती टँकर येतात. तो खरं सांगतो.

शेवटचा रकाना वेळेचा. आपल्याकडचे लोक हडपसर-मांजरी-फुरसुंगीकडे घर बघतात, कारण सोलापूर रोडवर आहे, शनिवारी गाडीत बसलं की निघाले. ऑफिस हिंजवडीला असेल तर हे करू नका. महिन्यातून दोनदा सोलापूरला लवकर पोहोचण्यासाठी रोज दोन वेळा अख्खं पुणं ओलांडायचं, हा व्यवहार कुठल्याच बाजूने परवडत नाही. घर ऑफिसजवळ घ्यायचं. मेट्रो वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट धावते, घर आणि ऑफिस दोन्ही तिच्या चालत जाण्याच्या अंतरावर असतील तरच तिचा वेळ धरा.

आणि मधली वाट आहे का ते कंपनीला आधीच विचारा. आठवड्यातून एक-दोन दिवस ऑफिसला आलं तर चालत असेल तर सगळं घर हलवायची गरजच नाही. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून सुरू आहे, सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमाराला सुटते आणि साधारण तीन तासांत पुणे, संध्याकाळी तीच गाडी मुंबईहून परत येते. आठवड्यातून एक दिवस ती बंद असते, त्या दिवसाला हुतात्मा एक्सप्रेस आहे, तिला साधारण चार तास लागतात. महिनाभरातल्या फेऱ्यांची तिकिटं आणि अधूनमधून एका रात्रीची खोली हे सगळं मिळून पुण्यातल्या घरभाड्यापेक्षा किती कमी येतं ते मांडून बघा. मात्र मॅनेजरचं तोंडी "चालेल" धरू नका, ऑफर लेटरवर लिहून घ्या.

पायरी ४. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा

सगळ्यांना एकत्र बसवून नको. एकत्र बसवलं की वडील म्हणतात "आमचं काय, तुम्ही बघा" आणि विषय संपतो. आईला स्वयंपाकघरात विचारा, वडिलांना फिरायला जाताना, बायकोला तिचं माहेर काय म्हणतं हे मध्ये न आणता. वहीतल्या बिनआकड्याच्या नोंदी इथे वाचून दाखवायच्या. आईवडील बरोबर येणार असतील तर अजून एक बघा, घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर सोलापुरात त्यांना भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत बोलायला माणूस आहे, तिथे त्या सोसायटीत दिवसभर कोण आहे? आपले बरेच पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर समाजातले लोक ह्याच कारणाने हैदराबाद बघतात आणि ते चूक नाही, पुण्याहून येणारा आपला महामार्ग ६५ पुढे तिकडेच जातो. फक्त राज्य बदललं की काही गोष्टी बदलतात. एमएच-१३ ची गाडी पुण्यात तशीच चालते, तेलंगणात कायमचं राहायला गेलात तर तिथला रोड टॅक्स भरून गाडी नव्याने रजिस्टर करावी लागते. तिथे शाळेत तेलुगू शिकणं सक्तीचं आहे. आणि मेडिकल-इंजिनिअरिंगच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी कुठून झाली हे बघतात, तेव्हा पोरं आठवी-नववीत असतील तर हे आधी बघा.

पायरी ५. कामाचा एक आठवडा राहून या

शनिवार-रविवार धरायचे नाहीत. कोथरूडच्या आत्याकडेही उतरायचं नाही. जिथलं भाडं परवडणार आहे त्याच भागात खोली घ्या, मंगळवार-बुधवारी ऑफिसच्या वेळेला जा आणि ऑफिसच्या वेळेला या. जमलं तर जुलैमध्ये, पावसात. बायको सोबत पाहिजे, शाळा आणि भाजी तिने बघायची.

पायरी ६. ठरवा

वही समोर ठेवा आणि तारीख घाला, ऑफरच्या मुदतीच्या दोन दिवस आधीची. जायचं ठरलं तर भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि नोंदणी केलेला, पोरांचा शाळेचा दाखला वेळेत, पीएफ ट्रान्सफर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. एकच गोष्ट निक्षून सांगतो, सोलापूरचं घर पहिली दोन वर्षं विकायचं नाही. डाऊन पेमेंटसाठी कोणी कितीही मागे लागलं तरी नाही. भाड्याने द्या, बंद ठेवा, पण कागद तुमच्या नावावर राहू द्या, कारण दोन वर्षांनी ऑफिस, शाळा किंवा आईची तब्येत ह्यापैकी काहीतरी बदललेलं असतं आणि तेव्हा परत यायला जागा असली की माणूस मोकळ्या मनाने ठरवतो.

नाही जायचं ठरलं तर कंपनीला त्याच दिवशी मेल करा, तारीख पुढे ढकलत राहू नका, त्या जागेची कोणीतरी दुसरा वाट बघत असतो. आणि डिपॉझिट, ब्रोकर, ट्रक ह्यात जे पैसे जाणार होते ते बाजूला काढून वहीतल्या दुसऱ्या रकान्यावर घाला. मोठी जमिनीखालची टाकी बांधून घ्या आणि मोटरला आपोआप चालू-बंद होणारा स्विच बसवा, पाण्याच्या दिवशी घरी थांबायची गरज बऱ्यापैकी कमी होते, तेवढ्यावर घरातल्या बाईला अर्धवेळ का होईना काम धरता येतं.