नॅन म्हणे एकपेक्षा लहान!

हौसेने लिहीत असलेल्या माझ्या छोट्या कंपायलरमध्ये (कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ०.०/०.० हे, म्हणजे नॅन ('संख्याच नाही' असं मूल्य), १.० पेक्षा लहान निघत होतं. आयईईई ७५४ या फ्लोटच्या (अपूर्णांकी संख्यांच्या) मानकानुसार नॅनची <, > किंवा == यांपैकी कुठलीही तुलना खोटीच यायला हवी.

दोन दिवस बिचाऱ्या पार्सरला, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाला, शिव्या घातल्या. घोळ होता कोड जनरेशनमध्ये, म्हणजे प्रोसेसरसाठी सूचना तयार करणाऱ्या भागात. एक्स८६-६४ प्रोसेसरवर यूकॉमआयएसडी ही सूचना तुलनेचं उत्तर झिरो, पॅरिटी आणि कॅरी या फ्लॅगांत (०/१ खुणांत) ठेवते. एक जरी ऑपरंड (तुलनेतलं मूल्य) नॅन असला, तरी तिन्ही फ्लॅग १ होतात. मी 'लहान'साठी सेटबी ही सूचना वापरली होती, आणि ती फक्त कॅरी १ आहे का ते बघते. झालं!

मग ऑपरंडांची अदलाबदल करून सेटए लावलं. कॅरी आणि झिरो दोन्ही ० असतील तरच ते खरं, त्यामुळे नॅन आपोआप बाहेर. == साठी सेटई (झिरो १) आणि सेटएनपी (पॅरिटी ०) यांचं अँड, != साठी सेटएनई (झिरो ०) आणि सेटपी (पॅरिटी १) यांचं ऑर.

तरी एक चाचणी नापासच. इफमधली एक उडी (जंप सूचना) वाचवायला मी 'लहान नाही' म्हणजे >= असं धरलं होतं. पूर्णांकांत ते चालतं; नॅनला मात्र < ही खोटं आणि >= ही खोटं. ती चलाखी फ्लोटपुरती काढून टाकली.