बागकाम शिकवणारे स्वयंसेवक घडवताना या चुका टाळा

सामुदायिक बागकाम-शिक्षणाचा उपक्रम सुरू करताना बहुतेक संस्था एकाच वाटेने जातात. झाडांची आवड असलेली माणसे जमवली जातात, जाणकारांची व्याख्याने ठरतात, शेवटी लेखी परीक्षा होते आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. वर्ष सरते तेव्हा लक्षात येते की प्रमाणपत्र घेतलेले अनेक जण परत फिरकलेच नाहीत, आणि जे येतात त्यांच्यातले दोघे एकाच प्रश्नाला एकमेकांविरुद्ध उत्तरे देत आहेत. अशा वेळी दोष स्वयंसेवकांच्या उत्साहाला दिला जातो, पण तो बहुधा प्रशिक्षणाच्या आखणीत असतो. स्वतःची बाग उत्तम राखणे आणि दुसऱ्याच्या बागेतली अडचण ओळखून त्याला जबाबदारीने मार्ग सांगणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. प्रशिक्षण पहिल्याचे दिले जाते आणि प्रमाणपत्रावर मात्र दुसऱ्याची ग्वाही असते.

तासांची बोली आधी न करणे

या क्षेत्रातला सर्वांत परिचित नमुना म्हणजे अमेरिकेतला 'मास्टर गार्डनर' कार्यक्रम. घरगुती बागांविषयी विचारणाऱ्यांची गर्दी मोजक्या अधिकाऱ्यांना आवरेनाशी झाली, म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाने, म्हणजे विद्यापीठातले ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या विभागाने, तो सुरू केला. विद्यापीठ शिकवील आणि शिकणारा त्याच्या बदल्यात ठरावीक तास लोकांसाठी देईल, हा व्यवहार त्याच्या रचनेचा कणाच आहे. तिथे ठिकाणपरत्वे फरक असला, तरी साधारण ४० ते ६० तासांचे प्रशिक्षण आणि पहिल्या वर्षात त्याच्याच जवळपास तासांची सेवा, असे प्रमाण अनेक ठिकाणी दिसते.

आपल्या उपक्रमात तासांचा आकडा कमी असला तरी चालेल, परंतु तो प्रवेशाच्या अर्जावरच लिहिलेला असला पाहिजे. अभ्यासक्रम संपत आल्यावर सेवेची अट सांगितली की ज्यांना केवळ स्वतःच्या गच्चीसाठी शिकायचे होते ते निघून जातात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. अशा लोकांसाठी सेवेची अट नसलेला छोटा वर्ग वेगळा ठेवावा. प्रवेशाच्या मुलाखतीतही घरी किती झाडे आहेत हे विचारण्यापेक्षा, एखाद्या नवख्याला काही शिकवल्याचा प्रसंग सांगायला लावावा. तेवढ्यावरून पुष्कळ कळते.

निदानाआधी नावे शिकवणे

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक ही आहे. अभ्यासक्रमात किडींची आणि रोगांची लांबलचक यादी असते, चित्रफिती असतात, शास्त्रीय नावेही असतात. त्यातून स्वयंसेवकाला अशी सवय लागते की समोर आलेल्या पानाला चटकन एखादे नाव चिकटवायचे आणि त्या नावाला जोडलेला उपाय सांगून मोकळे व्हायचे. घरगुती बागेतल्या तक्रारींमध्ये मात्र जास्तीचे पाणी, तुंबलेला निचरा, ऊन, चुकीच्या वेळी दिलेले खत अशी कारणे पुन्हा पुन्हा निघतात, आणि त्यांना कोणत्याही यादीत नाव नसते.

टोमॅटोचेच उदाहरण पाहावे. फळाचे बूड काळे पडते, खोलगट होते आणि चामड्यासारखे दिसू लागते. हा रोग असल्याचे समजून कोणी बुरशीनाशक सांगतो, तर कोणी मूठभर एप्सम सॉल्ट घालायला सांगतो. प्रत्यक्षात फळाच्या टोकापर्यंत पुरेसे कॅल्शियम न पोहोचल्यामुळे हा दोष येतो. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असते, पण ते मुळांकडून पाण्याबरोबर वर जाते; एक दिवस वाफा भिजून चिंब आणि पुढचे चार दिवस कोरडा ठणठणीत, अशी स्थिती राहिली की हा पुरवठा खंडित होतो. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असते, कॅल्शियम नसते, आणि जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या शोषणाच्या आड येत असल्याने दोष वाढूही शकतो. नियमित पाणी आणि मातीवर आच्छादन हा खरा पहिला उपाय, आणि तो सुचण्यासाठी स्वयंसेवकाने पाण्याविषयी विचारलेले असावे लागते.

म्हणून पहिले काही वर्ग केवळ विचारण्याच्या सरावासाठी द्यावेत. त्रास एकाच झाडाला आहे की आजूबाजूच्या वेगळ्या जातींच्या झाडांनाही आहे? वेगवेगळ्या जातींवर एकाच वेळी सारखी खूण दिसत असेल, तर कीड किंवा रोगापेक्षा पाणी, उष्णता, क्षार किंवा वाऱ्याबरोबर आलेले तणनाशक यांचा संशय आधी घ्यावा. एकाच जातीच्या एका झाडापासून त्रास हळूहळू पसरत असेल, तर शोध सजीव कारणाकडे वळवावा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून आणि सगळ्या पानभर असेल, तर नत्राची कमतरता संभवते. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता संभवते, आणि तिच्यामागे अनेकदा मातीचा वाढलेला सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) असतो. कोमेजलेले झाड तहानलेलेच असते असे नाही, कारण पाणी साचून मुळांना हवा मिळाली नाही तरीही ते मान टाकते. एवढे प्रश्न ज्याच्या जिभेवर बसले, त्याला किडींची नावे पुस्तकात पाहून सांगता येतात.

परीक्षेत स्मरणशक्ती तपासणे

लेखी परीक्षा असू द्यावी, पुस्तक उघडे ठेवून दिली तर अधिक चांगले, कारण पुढे सल्ला देतानाही संदर्भ पाहूनच उत्तर द्यायचे असते. परंतु प्रमाणपत्राचा निर्णय प्रात्यक्षिकावर व्हावा. प्रशिक्षकाने बागमालक व्हावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पिवळे पान घेऊन टेबलापाशी यावे आणि म्हणावे, "ताई, एवढंच पान आणलंय, याच्यावर काय मारू?" परीक्षार्थीने तत्काळ औषधाचे नाव घेतले, तर ते नाव बरोबर असले तरी गुण देऊ नयेत. "काका, फवारणीचं नंतर बघू. पिवळी पानं खालची आहेत की शेंड्याची? आणि कुंडीच्या खाली पाणी निघतं का?" असे जिने विचारले, तिला पूर्ण गुण द्यावेत. पानावरून काहीच ठरत नसेल आणि ती "आत्ता नक्की सांगता येत नाही, विचारून उद्या कळवते" असे म्हणाली, तर त्या वाक्यालाही गुण असले पाहिजेत, आणि हे परीक्षेआधीच सांगितलेले असावे. एरवी प्रत्येक जण उत्तर न आल्याची लाज वाटून काहीतरी ठोकून देतो.

लेखी परीक्षा उत्तीर्ण होताच प्रमाणपत्र देण्याची घाईही टाळावी. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला आधी 'प्रशिक्षणार्थी स्वयंसेवक' म्हणावे, काही तास अनुभवी सोबत्याच्या शेजारी बसून काम करू द्यावे आणि त्या सोबत्याच्या लेखी अभिप्रायानंतरच प्रमाणपत्र द्यावे.

मर्यादा न आखणे

कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यायचेच नाही, याचा वर्ग बहुतेक अभ्यासक्रमांत नसतो. रानात सापडलेले अळंबे खाण्याजोगे आहे का, अमुक पाल्याचा काढा कोणत्या दुखण्यावर चालतो, मुलाने एखादे फळ चावले आहे तर काय करावे, असे प्रश्न स्वयंसेवकाकडे येणारच. पहिल्या दोन्हींना नम्र नकार द्यावा आणि तिसऱ्याला एकच उत्तर असावे: ताबडतोब डॉक्टरांकडे जा. कीटकनाशकाची मात्रा स्वयंसेवकाने आठवणीतून सांगू नये. लेबलवर ज्या पिकासाठी आणि ज्या प्रमाणात वापर लिहिलेला आहे, तेवढाच सांगावा आणि लेबल समोर नसेल तर थांबावे. घरगुती मिश्रणांनाही हीच शिस्त लागू होते. तणावर मीठ ओतले तर तण जळते हे खरे, पण क्षार मातीतच राहतो आणि पुढच्या लागवडीला भोवतो. भांड्यांच्या साबणाने किडींसोबत पानेही करपू शकतात. जुन्या रंगाचे पोपडे पडणाऱ्या भिंतीलगत कोणी पालेभाजी लावणार असेल, तर त्या रंगात शिसे असण्याची शक्यता सांगून माती परीक्षणाकडे पाठवावे, डोळ्यांनी पाहून हमी देऊ नये.

शाळेच्या बागेत जाणाऱ्या स्वयंसेवकांची पूर्वपडताळणी करावी आणि मुलांसोबत एकट्याने थांबू नये हा नियम लेखी ठेवावा. अवजारांची हाताळणी पहिल्याच दिवशी दाखवावी.

उत्तरे जुळत नाहीत तेव्हा

दोन स्वयंसेवक दोन उत्तरे देत असतील, तर त्यांना समज देण्याआधी त्यांना समान संदर्भ दिला आहे का ते पाहावे. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची एक वही समन्वयकाने राखावी, प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या कृषी विद्यापीठाच्या किंवा विस्तार विभागाच्या शिफारशीवरून घेतले हे लिहावे, आणि नोंदी शक्य तितक्या नेमक्या ठेवाव्यात. उदाहरणार्थ, "कच्चे शेणखत भाजीला लगेच घालू नये" एवढे लिहिण्यापेक्षा, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर खत आणि काढणी यांत १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवस अंतर, हा अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांमधला नियम लिहिला, तर कोणीही तो सारखाच सांगेल. स्वतःचा अनुभव सांगण्यास बंदी नसावी, मात्र "हे माझ्या बागेत जमले, सर्वत्र जमेलच असे नाही" ही जोड त्याला हवीच.

प्रमाणपत्र एकदा दिले की कायमचे, ही समजूतही मोडावी लागते. दर वर्षी काही तासांची सेवा आणि काही तासांची उजळणी यांवर त्याचे नूतनीकरण ठेवावे, आणि तासांची नोंद त्याच आठवड्यात करण्याची सवय लावावी, कारण वर्षाअखेरी आठवून भरलेली नोंद कोणाच्याच कामाची नसते. रोपे विकण्यासाठी किंवा सशुल्क सल्ल्याच्या जाहिरातीसाठी प्रमाणपत्र वापरता येणार नाही, ही अट त्याच्या मागच्या बाजूस छापावी.

स्वयंसेवकाने चुकीचा सल्ला दिल्याचे कळले, तर बागमालकासमोर त्याला टोकू नये, पण गप्पही बसू नये. प्रश्न, दिलेले उत्तर आणि विचारणाऱ्याचा संपर्क यांची नोंद प्रत्येक वेळी ठेवलेली असेल, तर त्याच दिवशी फोन करून आधी सांगितलेला उपाय थांबवायला सांगता येतो, आणि तो फोन शक्यतो त्याच स्वयंसेवकाने समन्वयकाला शेजारी बसवून करावा. ज्या प्रश्नावर चूक झाली तो पुढच्या उजळणीच्या वर्गात नाव न घेता सर्वांसमोर ठेवावा आणि वहीत त्याचे उत्तर दुरुस्त करावे.