३२००ची रॅम २१३३वरच अडकली होती : माझा अनुभव

८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, चार स्लॉटचा बी४५० मदरबोर्ड. टास्क मॅनेजरमध्ये वेग २१३३. एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं की स्क्रीन काळी, पीसी दोन-तीनदा आपोआप बंद-चालू, आणि पुन्हा २१३३.

बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, सोनेरी टोकं खोडरबरने पुसली, सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणली. ढिम्म! पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन नवी जोडी आणायचंच बाकी होतं.

चूक स्लॉटमध्ये होती. स्टिक प्रोसेसरपासून पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये होत्या. ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक दोन वेगळ्या वाटांनी एकाच वेळी चालणं) त्यातही मिळतो, म्हणून शंका येत नाही. पण बहुतेक बोर्डांवर चॅनलची वायरिंग दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटपर्यंत जाते. ते रिकामे राहिले तर पुढच्या मोकळ्या तुकड्यावरून सिग्नल परततो. २१३३ला चालून जातं, ३२००ला नाही.

आधी मागचा स्विच बंद करून पॉवर बटण दहा सेकंद दाबलं. स्टिक दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये, क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत. बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल १ (काही बोर्डांवर नाव डीओसीपी), डीरॅम व्होल्टेज १.३५ झालंय ना ते पाहिलं, १.२वर राहिलं असेल तर हाताने टाका. एफ१०, सेव्ह. पहिल्यांदा स्क्रीन यायला मिनिटभर लागू शकतं, घाईने बंद करू नका.

सीपीयू-झेडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) १६०० दिसेल. घाबरू नका, डीडीआर म्हणजे दुप्पट, तेच ३२००. शेवटी रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६चे चार पास (पूर्ण फेऱ्या), शून्य एरर.