पद्मिनीचा तळ: आधी गंज, मग आवाज

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी अलिबागला असते. रबर मॅटखालचं फेल्ट उचललं तर ओलंगच्च, आणि तळाच्या पत्र्याचे पापुद्रे हातात. पाणी येत होतं पुढच्या काचेच्या रबरातून. आधी ते बदललं, नाहीतर पुढचं सगळं फुकट. सडलेलं कापून १८ गेजचा पत्रा वेल्ड केला. उरलेला गंज घासून फॉस्फोरिक ॲसिडवाला कन्व्हर्टर (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं द्रावण), इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर.

मग आवाज. पत्र्याची थरथर दाबायला मिस्त्री डांबरी शीट लावा म्हणत होते. जुनी झाली की ती तडकते, सुटते, आणि खाली पाणी मुरतं. मी ब्यूटाइल रबराची चिकट शीट घेतली, तीही प्रत्येक पत्र्याच्या मधोमध, साधारण एक तृतीयांश भागावर. थरथर तेवढ्याने मरते. सगळं मढवणं म्हणजे नुसतं वजन (आणि खर्च). वर पाणी न पिणारा क्लोज्ड-सेल फोम. ड्रेन होलचे (तळातून पाणी निघून जायच्या भोकांचे) बूच मात्र उघडता येतील असे मोकळे ठेवलेत.